संगणक-शंका : घरच्या संगणकावर फ्रीबीएसडी आणि तिची भावंडे

विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हापासून सदराकडे येणाऱ्या पत्रांत जुन्या पण धडधाकट यंत्रांची चौकशी वाढली आहे, आणि त्यांतली बरीच पत्रे लिनक्सऐवजी बीएसडी कुळाबद्दल, म्हणजे फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी या संगणक-प्रणालींबद्दल विचारतात. म्हणून या वेळचे सगळे पान त्याच विषयाला दिले आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि रोमन अंकांत द्याव्यात. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : दुकानाचे हिशेब ज्या लॅपटॉपवर ठेवतो त्यावर विंडोज ११ चढत नाही. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आहे. मुलगा फ्रीबीएसडी घाल म्हणतो. लिनक्सहून ही वेगळी कशी, आणि माझे काम अडेल का? (एक व्यापारी, म्हापसा)

उत्तर : लिनक्स म्हणजे मुळात फक्त कर्नल, प्रणालीचा गाभा. त्याभोवतीची साधने वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करून प्रत्येक वितरण तयार होते. फ्रीबीएसडीत कर्नल, मूळ आज्ञा आणि त्यांची माहितीपुस्तिका हे सगळे एकाच ठिकाणी, एकाच गटाकडून लिहिले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत वाढलेल्या युनिक्सचा हा वंश. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी १९९३मध्ये आल्या, ओपनबीएसडी १९९५मध्ये नेटबीएसडीतून फुटली. रोजच्या वापरात याचा फायदा असा की मूळ प्रणाली एका बाजूला आणि तुम्ही घातलेले प्रोग्राम ‘/यूएसआर/लोकल’ या एका फोल्डरात दुसऱ्या बाजूला राहतात. काही बिघडले तर कुठे शोधायचे ते कळते.

तुमचे यंत्र पुरेसे आहे. फायरफॉक्स, क्रोमियम, लिबरऑफिस, ईमेल, पीडीएफ, ब्राउझरमधले बँकिंग चालते. अडचण दोन ठिकाणी येईल. टॅली विंडोजसाठीच बनते, आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर फ्रीबीएसडीसाठी मिळत नाहीत. जीएसटीचे विवरणपत्र ओटीपीने प्रमाणित करत असाल तर ब्राउझर पुरतो. टोकनने सही करत असाल किंवा टॅली सोडवत नसेल तर विंडोजचे एक यंत्र ठेवावेच लागेल, आणि अशा वेळी हिशेबाच्या लॅपटॉपवर हात न घालता दुसऱ्या यंत्रावर शिकावे.

निर्णयाआधी एक परीक्षा करा. नोमॅडबीएसडी ही फ्रीबीएसडीवर आधारलेली प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालते, आतल्या डिस्कला हात लावत नाही. तीत टर्मिनल उघडून ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ द्या. ज्या भागाच्या ओळीची सुरुवात ‘नन’ या शब्दाने होते त्याला ड्रायव्हर मिळालेला नाही. त्या ओळींत वाय-फाय किंवा ग्राफिक्स दिसले तर पुढची उत्तरे वाचून मगच ठरवा. एखादा किरकोळ भाग, उदाहरणार्थ बोटाच्या ठशाचा वाचक, ‘नन’ दिसला तर काही बिघडत नाही.

प्रश्न : संकेतस्थळावर फाइलींची यादी पाहून गोंधळ झाला. माझा प्रोसेसर इंटेलचा आहे, पण सगळीकडे ‘एएमडी६४’ लिहिले आहे. एक फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली तर संगणक तिच्यावरून सुरूच होत नाही. (शिक्षिका, फोंडा)

उत्तर : ‘एएमडी६४’ हे ६४-बिट वास्तुरचनेचे नाव आहे. ती प्रथम एएमडीने आणली म्हणून नाव तसे राहिले. इंटेलच्या ६४-बिट प्रोसेसरलाही तीच फाइल लागते. यादीतून ‘मेमस्टिक.आयएमजी’ने संपणारी घ्या. ‘मिनी-मेमस्टिक’ आकाराने लहान असते, पण बाकीचा भाग ती इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून उतरवते. तिथे वाय-फाय ओळखले गेले नाही तर गाडी अडते.

फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही, तिची प्रतिमा ‘लिहावी’ लागते. विंडोजवर रुफस हा प्रतिमा लिहिणारा प्रोग्राम वापरत असाल तर डीडी पद्धत निवडा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो आणि त्यावरचे सगळे पुसले जाते. लिहून झाल्यावर विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करू का?’ असे विचारील. नाही म्हणा. ती डिस्क विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लिहिण्याआधी फाइलीची एसएचए५१२ बेरीज संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल पेनड्राइव्हवर नीट लिहिली जाते आणि इन्स्टॉल करताना मध्येच फुटते, मग दोष डिस्कवर जातो.

एवढे करूनही यंत्र सुरू होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा. फ्रीबीएसडीच्या लोडरवर (प्रणाली सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) त्याला लागणारी सही नसते. मात्र विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचे कुलूप) चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण सिक्युअर बूट बदलले की विंडोज ती मागते.

इन्स्टॉलर सुरू झाला पण डिस्कच दिसत नाही, ही तक्रार नव्या लॅपटॉपवर येते. साठवणीचा प्रकार ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर असतो, तो ‘एएचसीआय’ करावा लागतो. तो थेट बदलला तर आधीचे विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. क्रम असा ठेवा: विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट लावा, यंत्र पुन्हा सुरू करतानाच बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग सेफ बूट काढा.

प्रश्न : विंडोज ठेवून शेजारी फ्रीबीएसडी घालायची आहे. डिस्क एकच, ५१२ जीबी. (विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : झेडएफएस आणि यूएफएस या डिस्कवर फायली ठेवण्याच्या दोन पद्धती, म्हणजे फाइलप्रणाली. इन्स्टॉलरमधला ‘ऑटो झेडएफएस’ हा पर्याय संपूर्ण डिस्क घेतो, विंडोजसकट. शेवटी तो ‘हीच शेवटची संधी’ असे बजावतो, पण तो पडदा घाईत ओलांडला जातो. एका डिस्कवर दोन्ही हव्या असतील तर ‘ऑटो यूएफएस’ घ्या आणि पुढच्या प्रश्नाला ‘एन्टायर डिस्क’ऐवजी ‘पार्टिशन’ हे उत्तर द्या.

आधी विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून निदान ६० जीबी जागा मोकळी करा आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि दुसऱ्या प्रणालीतून त्या भागावर काही लिहिल्यास फायली खराब होतात. इन्स्टॉलरच्या यादीत ‘ईएफआय’ नावाची ओळ असते, तिला हात लावू नका. दोन्ही प्रणालींचे लोडर त्याच छोट्या भागात शेजारी नांदतात. फ्रीबीएसडीचा लोडर १ एमबीच्याही आत असल्यामुळे जागेचा प्रश्न येत नाही.

नंतर यंत्र थेट विंडोजमध्येच गेले तर घाबरू नका. सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा तुमच्या कंपनीची जी बूट मेनूची कळ असेल ती दाबून फ्रीबीएसडी निवडा, आणि मग बायोसमध्ये तिचा क्रम वर घ्या. घड्याळ साडेपाच तासांनी पुढेमागे होईल, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. ‘टच /इटीसी/वॉल_सीएमओएस_क्लॉक’ अशी रिकामी फाइल रूट (प्रशासकाचे खाते) म्हणून तयार केली की फ्रीबीएसडीही तसेच मानते.

लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवायला जागा असेल तर तीच घ्या, हे आमचे स्पष्ट मत आहे. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवली की चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि झेडएफएस निर्धास्त घेता येते.

प्रश्न : इन्स्टॉल झाले, पण वाय-फाय नाही. फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) उतरवायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी फर्मवेअर. घरी लॅन केबल पोचत नाही. (मडगाव)

उत्तर : अँड्रॉइड फोन हा यातला सर्वांत सोपा मार्ग. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. रूट म्हणून ‘केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस’ द्या. पडद्यावर ‘यूई०’ नावाचे उपकरण दिसल्याची ओळ येते. मग ‘डीएचक्लायंट यूई०’. ओळ आलीच नाही तर केबल बदलून पाहा. नुसत्या चार्जिंगच्या केबली बाजारात भरपूर आहेत आणि त्यांतून डेटा जात नाही.

जोडणी झाली की १४ मालिकेपासून मिळणारी ‘एफडब्ल्यूगेट’ ही आज्ञा द्या. यंत्रातल्या भागांना लागणारे फर्मवेअर ती स्वतः ओळखून उतरवते. इंटेलच्या कार्डासाठी पुढे दोन ओळी:

‘एसवायएसआरसी डब्ल्यूलॅन्स_आयडब्ल्यूएलवायफाय०=डब्ल्यूलॅन०’
‘एसवायएसआरसी आयएफकॉन्फिग_डब्ल्यूलॅन०="डब्ल्यूपीए एसवायएनसीडीएचसीपी"’

दुसऱ्या ओळीतले अवतरणातले दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत. ७२६० किंवा ८२६०सारखे जुने इंटेल कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर ‘आयडब्ल्यूएम’ असू शकतो, तेव्हा पहिल्या ओळीत तसे नाव बदला. वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द ‘/इटीसी/डब्ल्यूपीए_सप्लिकंट.कॉन्फ’मध्ये जातो. ‘डब्ल्यूपीए_पासफ्रेज’ ही आज्ञा तो मजकूर तयार करून देते. फाइलीची परवानगी ‘सीएचमॉड ६००’ करा, नाहीतर घरातला प्रत्येक वापरकर्ता तो शब्द वाचू शकतो. शेवटी ‘सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट’.

वेग कमी वाटला तर आवृत्ती पाहा. इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ ड्रायव्हर बराच काळ जुन्या ८०२.११जी वेगातच चालत असे, ८०२.११एन आणि एसीचा वेग १४.३पासून मिळू लागला.

कार्ड ब्रॉडकॉमचे असेल तर त्याच्यावर आठवडे घालवू नका, बदला. एम.२ खाचेचे इंटेल एएक्स२०० घ्या. एएक्स२०१ दिसायला तसेच असते, पण ते फक्त ठरावीक इंटेल मदरबोर्डांवर चालते, म्हणून दुकानात क्रमांक नीट वाचा. कार्ड बदलायचे नसेल तर आरटीएल८१८८ईयू चिपचा छोटा यूएसबी डोंगल ‘आरटीडब्ल्यूएन’ ड्रायव्हरवर चालतो.

प्रश्न : आमच्या भागात मिरगापासून वीज सारखी जाते-येते. वाचनालयात दोन डेस्कटॉप आहेत, एकाला ४ जीबी रॅम, दुसऱ्याला ८. झेडएफएस घ्यावी की यूएफएस? वीज गेल्यावर डिस्क बिघडेल का? (ग्रंथपाल, वाळपई)

उत्तर : गोव्यातल्या पावसाळ्यात हा प्रश्न फाइलप्रणाली निवडण्याचे पहिले कारण व्हायला हवा, म्हणून सविस्तर लिहितो.

झेडएफएस जुन्या मजकुरावर नवा मजकूर कधीच लिहीत नाही. नवा भाग डिस्कवर दुसरीकडे पूर्ण लिहून झाला, की मगच ‘आता हा खरा’ अशी नोंद बदलते. मध्येच वीज गेली तर जुनी नोंद शाबूत असते. म्हणून वीज आल्यावर दुरुस्तीची तपासणी लागत नाही, यंत्र सरळ सुरू होते. जाते ते फक्त शेवटच्या काही सेकंदांचे, कारण साधे लिखाण साधारण दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरते. यूएफएसमध्ये जर्नल (चालू बदलांची नोंदवही) असते आणि तपासणी थोडक्यात आटोपते, पण ते जर्नल फोल्डर आणि नोंदी सांभाळते, फाइलीतला मजकूर नाही. वीज जाण्याच्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल रिकामी सापडू शकते.

८ जीबीच्या यंत्रावर बेधडक झेडएफएस घ्या. ४ जीबीवरही चालते, मात्र झेडएफएस मोकळी रॅम स्वतःच्या साठ्याला वापरते आणि ब्राउझरला मागाहून जागा द्यायला तिला वेळ लागतो. ‘/बूट/लोडर.कॉन्फ’मध्ये ‘व्हीएफएस.झेडएफएस.एआरसी_मॅक्स="१जी"’ ही ओळ घाला, जी मोठे. साठा १ जीबीवर थांबतो. त्या यंत्राची रॅम वाढवता येत असेल तर आधी ते करा.

एका डिस्कवरची झेडएफएस खराब झालेला मजकूर ओळखते, पण दुरुस्त करू शकत नाही, कारण दुसरी प्रतच नसते. पुस्तकांच्या नोंदी ज्या यंत्रात आहेत त्यात तेवढ्याच आकाराची दुसरी डिस्क बसवून आरसा करावा, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत राहते. तोवर निदान तपासणी नेमाने व्हावी. ‘/इटीसी/पीरिऑडिक.कॉन्फ’मध्ये ‘डेली_स्क्रब_झेडएफएस_एनेबल="यस"’ लिहा, यस मोठ्या अक्षरांत. नाव ‘डेली’ असले तरी पूर्ण तपासणी दर ३५ दिवसांनी होते. मात्र हे काम रात्री ३च्या सुमारास सुरू होते. वाचनालयाचे यंत्र तेव्हा बंद असेल तर ते कधीच होणार नाही. तुमच्यासाठी महिन्यातून एकदा सकाळी ‘झेडपूल स्क्रब झेडरूट’ हाताने देणे बरे, आणि दुसऱ्या दिवशी ‘झेडपूल स्टेटस’ पाहणे. ‘सीकेएसयूएम’च्या रकान्यात शून्याहून मोठा आकडा आला तर आधी साटा केबल आणि रॅम तपासा, मग डिस्क. ओलाव्याने केबलीचे आणि रॅमचे संपर्क बिघडतात, डिस्क चांगली असूनही आकडा चढतो.

स्नॅपशॉट, म्हणजे झेडएफएसने जपलेली त्या क्षणाची अवस्था, हा बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. बाहेरच्या यूएसबी डिस्कवर झेडएफएस करून ‘झेडएफएस सेंड’ आणि ‘झेडएफएस रिसीव्ह’ने प्रत पाठवा, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

आता विजेबद्दल. फाइलप्रणाली कितीही चांगली असली तरी वीज परत येतानाचा झटका तिला थोपवता येत नाही. यूपीएस घेताना मागे यूएसबी पोर्ट आहे का ते पाहूनच घ्या. पुष्कळ स्वस्त यूपीएसना तो नसतो आणि मग संगणकाला बॅटरी संपत आल्याचे कळत नाही. पोर्ट असेल तर यूपीएसवर लक्ष ठेवणारे ‘नट’ नावाचे पॅकेज घाला. ‘नट-स्कॅनर’पुढे मोठे यू हे चिन्ह दिले की तो कोणता ड्रायव्हर वापरायचा ते सांगतो. ड्रायव्हर परवानगीची तक्रार करील तर ‘सर्व्हिस डेव्हडी रीस्टार्ट’ देऊन यूपीएसची केबल काढून पुन्हा घाला. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर लॅन केबलही काढा, झटका तिच्यातूनही येतो. आणि जांभ्या जमिनीतला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तो पावसाआधी वायरमनकडून तपासून घ्या.

प्रश्न : सगळे छान चालले होते. अपग्रेड केले आणि सुरू होताना पडदा काळा झाला. लॅपटॉप इंटेल ग्राफिक्सचा. पुन्हा सगळे घालावे लागेल का? (काणकोण)

उत्तर : नाही. तुमच्या यंत्रावर झेडएफएस असेल तर परतीची वाट आधीच तयार आहे. फ्रीबीएसडी-अपडेट बदल करण्यापूर्वी जुन्या अवस्थेचे बूट एन्व्हायर्नमेंट ठेवून देते. सुरुवातीच्या मेनूत ८ दाबा, जुने नाव निवडा, आणि यंत्र अपग्रेडपूर्वीच्या स्थितीत उघडेल. ते पसंत पडले तर ‘बीईसीटीएल ॲक्टिव्हेट’ आणि त्याचे नाव.

यूएफएसवर असाल तर मेनूत २ दाबून एकवापरकर्ता अवस्थेत जा, शेल विचारल्यावर एंटर, मग ‘माउंट -यू /’, आणि ‘एसवायएसआरसी केएलडी_लिस्ट-=आय९१५केएमएस’. पुन्हा सुरू केल्यावर निदान साधा अक्षरांचा पडदा येतो आणि तिथून दुरुस्ती करता येते.

कारण असे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर ‘डीआरएम-केएमओडी’ हा मूळ प्रणालीचा भाग नाही, तो पॅकेज म्हणून येतो, आणि कर्नलच्या ज्या उपआवृत्तीवर तो बांधला तिच्याशी जुळला तरच चालतो. पॅकेजे मालिकेतल्या सर्वांत जुन्या चालू उपआवृत्तीवर बांधली जातात. नवी उपआवृत्ती आली की जुनीचे पाठबळ साधारण तीन महिन्यांनी संपते, आणि त्या मधल्या काळात घाईने अपग्रेड करणाऱ्याला हा काळा पडदा दिसतो. १४.२पासून कर्नल मॉड्यूलांसाठी वेगळे भांडार सुरू झाले, त्यामुळे त्रास बराच कमी झाला. ‘पीकेजी -व्हीव्ही’ देऊन यादीच्या शेवटी ‘केएमओडीएस’ नावाचे भांडार चालू आहे का पाहा, आणि मग ‘पीकेजी अपग्रेड -एफ डीआरएम-केएमओडी’.

अपग्रेडचा क्रमही तपासा. फ्रीबीएसडी-अपडेटच्या ‘अपग्रेड’नंतर ‘इन्स्टॉल’ एकदा, रीबूट, ‘इन्स्टॉल’ पुन्हा, मग ‘पीकेजी अपग्रेड’. मुख्य आवृत्ती बदलली असेल, जसे १३वरून १४, तर पॅकेजे नवी झाल्यावर ‘इन्स्टॉल’ तिसऱ्यांदा. पहिल्या इन्स्टॉलनंतर थांबणारे खूप असतात, कारण यंत्र चालते. पण कर्नल नवे आणि बाकी साधने जुनी अशी जोडी राहते.

आणखी एक धोका: ‘झेडपूल स्टेटस’ कधीकधी ‘पूल अपग्रेड करा’ असे सुचवते (पूल म्हणजे झेडएफएसच्या ताब्यातल्या डिस्कांचा संच). ईएफआय भागातला लोडर आधी नवा केल्याशिवाय ते करू नका. जुन्या लोडरला नवा पूल वाचता येत नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. पूल जुनाच ठेवल्याने काही नुकसान होत नाही.

प्रश्न : मराठी आणि कोंकणी दोन्ही लिहितो. ब्राउझरमध्ये चौकोन दिसतात, आणि ‘वाऱ्याने’ लिहिताना ‘र्‍य’ जमत नाही. (पणजी)

उत्तर : चौकोन म्हणजे देवनागरी फाँट नाही. ‘पीकेजी इन्स्टॉल नोटो’, नंतर ‘एफसी-कॅश -एफ’, आणि ब्राउझर बंद करून उघडा. एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर सेटिंगमधल्या कीबोर्डच्या ‘लेआउट’ पानावर इंग्रजीशेजारी भारतीय मांडणी जोडा. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर देवनागरीची मूळ मांडणी घ्या, उच्चाराप्रमाणे टाइप करत असाल तर मराठी कगप. बदलण्यासाठी ऑल्ट-शिफ्ट ठेवता येते. कोंकणीला वेगळी मांडणी लागत नाही.

इन्स्क्रिप्टमध्ये जे कळेवर ‘र’ आहे आणि शिफ्टसह ‘ऱ’. म्हणून शिफ्ट-जे, मग हलन्ताची डी, मग य. नुसत्या ‘र’ने सुरुवात केली की रफार होतो, आणि ‘वार्याने’ उमटते.

एक्सशिवायच्या, म्हणजे खिडक्यांचा डेस्कटॉप नसलेल्या, काळ्या अक्षर-पडद्यावर जोडाक्षरे नीट दिसत नाहीत. तिथे फायलींची नावे मराठीत असली तर वाचायला त्रास होईल, फायली मात्र सुरक्षित असतात. जुन्या बिगर-युनिकोड फाँटांत टाइप केलेल्या संहिता असतील तर त्यांचे टीटीएफ घरच्या फोल्डरातल्या ‘.फाँट्स’मध्ये टाका, म्हणजे त्या दिसू लागतील. शोधता याव्यात म्हणून युनिकोडमध्ये आणणे हे वेगळे काम आहे, पण करून ठेवण्याजोगे आहे.

प्रश्न : आरसी.कॉन्फमध्ये एक ओळ घातली, आता यंत्र अर्ध्यावर थांबून शेलची वाट विचारते. (केपे)

उत्तर : बहुधा सुरुवातीच्या सेटिंगच्या त्या फाइलीत एखादे शेवटचे अवतरणचिन्ह राहिले आहे. एंटर दाबा, ‘माउंट -यू /’, झेडएफएस असेल तर पाठोपाठ ‘झेडएफएस माउंट -ए’, मग ‘ईई /इटीसी/आरसी.कॉन्फ’. ईई हा सोपा संपादक आहे, एस्केप दाबल्यावर मेनू येतो. चिन्ह पूर्ण करा, ‘एक्झिट’. यापुढे ती फाइल हाताने न उघडता एसवायएसआरसीने बदला, ती चिन्हे स्वतः घालते.

प्रश्न : ओपनबीएसडीवर फायरफॉक्समधून अर्जाला फोटो जोडता येत नाही, फोल्डरच रिकामे दिसते. शिवाय मुलीच्या खात्यावर जास्त टॅब उघडले की ब्राउझर पडतो, माझ्यावर नाही. (वास्को)

उत्तर : पहिला दोष नाही, संरक्षण आहे. ओपनबीएसडीवर फायरफॉक्स आणि क्रोमियम यांना ‘अनव्हेल’ने कुंपण घातलेले असते. ब्राउझरला तुमच्या घरच्या फोल्डरातले ‘डाउनलोड्स’ दिसते, बाकी जवळजवळ काही नाही. कुणी पानातून ब्राउझरवर ताबा मिळवला तरी तुमची कागदपत्रे त्याच्या हाती लागत नाहीत. फोटो ‘डाउनलोड्स’मध्ये हलवा आणि तिथून जोडा. कुंपण काढणाऱ्या सूचना सापडतील, पण आधार आणि बँकेची कागदपत्रे ज्या यंत्रात आहेत तिथे ते राहू द्या.

दुसऱ्याचे कारण लॉगिन वर्ग. इन्स्टॉल करताना तयार झालेले खाते ‘स्टाफ’ वर्गात असते, नंतर जोडलेले ‘डिफॉल्ट’मध्ये, आणि त्याची मेमरीची मर्यादा कमी असते. रूट म्हणून ‘यूजरमॉड -एल स्टाफ’ आणि मुलीच्या खात्याचे नाव, एल मोठे. तिने बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. तुमच्याकडेही वीज जात असेल तर लक्षात ठेवा की ओपनबीएसडीच्या फाइलप्रणालीला जर्नल नाही. अचानक बंद पडल्यावर लांब तपासणी होते आणि कधी ‘एफएससीके -वाय’ हाताने द्यावे लागते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच.

प्रश्न : शाळेत जुने ३२-बिट संगणक पडून आहेत, १ ते २ जीबी रॅम. (पेडणे)

उत्तर : आधी ते खरोखर ३२-बिट आहेत का पाहा. कोअर २ ड्युओ ६४-बिट आहे, पण त्यावर ३२-बिट विंडोज घातलेले पुष्कळदा आढळते. तसे असेल तर रॅम ४ जीबी करा, साधी एसएसडी बसवा आणि एएमडी६४ची फाइल वापरा. प्रोसेसरच ३२-बिट असेल तर फ्रीबीएसडीचा विचार सोडा, १५ आवृत्तीपासून त्यांची ३२-बिट इंटेलची प्रत निघत नाही. नेटबीएसडी किंवा ओपनबीएसडीची ‘आय३८६’ प्रत घ्या. मुलांना शेल, सी, पायथन, संपादक शिकवायला ही यंत्रे उत्तम. आजची संकेतस्थळे १ जीबीत नीट उघडणार नाहीत, तो उपयोग गृहीत धरू नका.

पडून राहिलेल्या यंत्रांची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी आधी बदला. ती संपली की तारीख मागे जाते, आणि मग सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्र चुकीचे म्हणून उघडत नाहीत. फ्रीबीएसडीवर वेळ १००० सेकंदांहून अधिक चुकली असेल तर एनटीपीडी ती दुरुस्त न करता बंद पडते. तिथे ‘एसवायएसआरसी एनटीपीडी_सिंक_ऑन_स्टार्ट=यस’ लागते, यस मोठ्या अक्षरांत.

प्रश्न : आवाज येत नाही. व्हिडिओ चालतो. (कुडचडे)

उत्तर : आवाज बहुधा एचडीएमआयकडे जातो आहे. ‘कॅट /डेव्ह/एसएनडीस्टॅट’ द्या. ‘पीसीएम०’, ‘पीसीएम१’ अशा ओळी दिसतील आणि एकीपुढे ‘डिफॉल्ट’ असेल. स्पीकर पीसीएम१वर असेल तर ‘एसवायएससीटीएल एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट=१’. व्हिडिओ बंद करून पुन्हा सुरू करा, कारण चालू असलेला प्रोग्राम जुनेच उपकरण धरून ठेवतो. आवाज आला की हीच जोडी ‘/इटीसी/एसवायएससीटीएल.कॉन्फ’मध्ये लिहा, म्हणजे रीबूटनंतर टिकते. तरीही शांत असेल तर ‘मिक्सर’ नुसते देऊन पातळी पाहा. ती शून्यावर असेल तर १४ मालिकेत ‘मिक्सर व्हीओएल=८०%’.